मोनालीनं कुठं जेवायचं

घणसोली, १८ जून १९९५

ती. गोजराआक्कांना धाकट्या जावेचा, प्रेमलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही तिघं नीट पोचलो. मोनाली पुण्यापर्यंत खिडकीला नाक लावून बसली होती. पनवेल आल्यावर तिनं तुमचं विचारलं, "मोठ्याई मागच्या गाडीनं येणार हाय का?" मी हो म्हणाले. खोटं बोलायला नको होतं, पण भरल्या एसटीत तिला रडवायचं धाडस झालं नाही. आता ती रोज संध्याकाळी जिन्यात जाऊन बसते.

आक्का, घर बघाल तर खूश व्हाल. दोन खोल्या, घरातच नळ, तिसरा मजला. सात वर्षं एका खोलीत ह्यांच्याबरोबरच्या आठ हमालांचा डबा रांधत काढली. त्या खोलीत अडीच वर्षांची पोर कुठं ठेवणार होते, म्हणून तुमच्या ओटीत टाकली. आठ बाप्यांना मी दोन वेळा वाढत होते आणि माझ्या एकुलतीला तुम्ही वाढत होता. हे आठवलं की माझं मलाच हसू येतं, मग रडू येतं.

ठरल्याप्रमाणे दिवाळीपर्यंत बघायचं. रुळली तर इथं, नाही तर तुमच्याकडं परत. ह्यांनी तुमच्यापुढं शब्द दिलाय, तो मी मोडणार नाही. पण आक्का, रुळू दे असं तुम्हीही म्हणा. तुमच्या तोंडून आलं की देव ऐकतो.

शाळेत नाव घातलं, चौथीत. सकाळची शाळा आहे, बाराला सुटते. मी घरीच असते, तेव्हा तिच्या खाण्यापिण्याची काळजी नको.

एक विचारायचं होतं. आंघोळ घालताना तिच्या डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग दिसला, रुपयाएवढा. जुना आहे. तिला विचारलं तर म्हणते आठवत नाही. कशानं भाजलं होतं?

दादांना नमस्कार.

तुमची,
प्रेमला


तळसरवाडी, २ जुलै १९९५

चि. सौ. प्रेमलास गोजराचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. नळ घरात आला म्हणजे आता भांडायला बाई कुठली मिळणार तुला? पाणवठा गेला की अर्धी करमणूक गेली बघ.

आमच्या ह्यांनी, तुझ्या दादांनी, परवा जेवायला बसताना सवयीनं "मोने, पाणी आण" अशी हाक मारली. मग स्वतःच उठून तांब्या भरून आणला.

आता पोरीचं सांगते, नीट ध्यानात ठेव. ती एका ताटावर बसून जेवणारी नाही. सकाळची भाकरी माझ्याकडं, दुपारी शेजारच्या हौसाकडं कालवण-कोरड्यास चांगलं असलं तर तिथं, नाही तर हिरामण सुताराच्या घरात, त्याची म्हातारी तिला दह्याची साय देते. आमच्या आळीत कुणाचं पोर कुणाच्या उंबऱ्यात जेवतंय हे कुणी बघत नाही. चुकलं तर ज्याच्या हाताशी असेल तो कान पिळतो, पडलं तर जवळ असेल तो उचलतो. तुझा नवराही असाच वाढलाय, कुणी कुणी मारलंय ते त्यालाच विचार. म्हणून सांगते, तिला दोन खोल्यांत कोंडू नकोस. मी एकटीनं नाही वाढवली तिला, अख्ख्या आळीनं वाढवली. मला त्याचा गर्वच आहे म्हण.

डागाचं काय घेऊन बसलीस? चुलीजवळ वावरणारं पोर, डाग पडायचेच.

रुळू दे असं मी कसं म्हणू गं? माझ्या तोंडून नाही निघत. देवाला काय ते कळतंय.

गोजरा


घणसोली, २१ जुलै १९९५

ती. आक्कांना सा. नमस्कार.

आक्का, इथं आळी नाही. इथं दारं आहेत, आणि ती बंद असतात.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले असतील. समोरच्या नंदिनीताई माझ्या दाराशी आल्या. त्यांचे मिस्टर, विलासराव, मंत्रालयात आहेत आणि बिल्डिंगचे सेक्रेटरी आहेत. त्या स्वतः घरी शिकवण्या घेतात. बाई वाईट नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका हं. तुमची मोनाली तीन आठवडे रोज दुपारी आमच्याकडे जेवते. मला घालायचं वाईट वाटत नाही, पण तुम्ही एकदा तरी विचारायला नको का? बिल्डिंगमधले लोक म्हणतात, तिला घरी जेवायला मिळत नाही का?"

मला धरणी ठाव देईना. नंतर कळलं ते असं. पोरगी शाळेतून आली की सरळ त्यांच्या घरात शिरायची, त्यांच्या पार्थच्या शेजारी पाट ओढून बसायची. जेवून झालं की स्वतःचं ताट घासून पालथं घालायची आणि म्हणायची, "काकू, उद्या काय करणार?" पहिल्या दिवशी त्यांना कौतुक वाटलं, दुसऱ्या दिवशी हसू आलं, पुढं काय वाटलं ते त्या बोलल्या नाहीत. खालच्या मजल्यावर दोन घरांतही जाऊन आलीय. एका घरात "आमटीला मीठ कमी हाय" असंही सांगून आलीय.

मी तिला मारलं, आक्का. जन्मात पहिल्यांदा. आणि माझ्या गळ्याची शपथ घातली, की कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, कुणी पाण्याचा थेंब दिला तरी घ्यायचा नाही. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांना वाईट नाय वाटनार?"

तुम्ही म्हणता आळीनं वाढवली. मग मी तिला आता काय शिकवू? तुमच्याकडं जे चांगलं वळण, तेच इथं भीक मागणं ठरतं. नंदिनीताईंचं चूक म्हणावं तर मला नाही म्हणता येत. माझंच डोकं चालेनासं झालंय.

डागाचं तुम्ही नीट लिहिलं नाहीत.

प्रेमला


तळसरवाडी, ४ ऑगस्ट १९९५

सौ. प्रेमलास आशीर्वाद.

भाकरीपायी पोराला मारणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. शाबास. वर शपथ घातलीस ती पण आईच्या गळ्याची! नऊ वर्षांच्या पोराला शपथ म्हणजे काय वाटतं, ठाऊक आहे? आपण बायका दिवसातून दहा घालतो आणि विसरतो. पोर नाही विसरत.

हौसाला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आगं, दार लावून जेवत्यात म्हंजी? उचकी लागली तर पाणी कोण देतं?" आम्ही दोघी हसलो. पण घरी आले आणि मला एक गोष्ट खटकली. तेव्हापासून ती कुसळासारखी टोचतेय.

प्रेमला, पोर बाराला घरी येतं. तू घरी असतेस. चूल तुझी, ताट तुझं. मग आईनं गरम वाढलेलं सोडून पोर समोरच्या दारात कशाला जाईल? आळीतसुद्धा ती दुपारी बाहेर जेवायची, कारण मी रानात असायचे. तू कुठल्या रानात असतेस?

खरं लिही.

गोजरा


घणसोली, ६ सप्टेंबर १९९५

ती. आक्कांना नमस्कार.

उत्तराला महिना लागला, माफी असावी. मधे गणपती होते.

मोनाली आता अगदी बदललीय. कुणाच्या दाराकडं बघत नाही. जिन्यात कुणी गोळी दिली तर हात मागं घेते. बिल्डिंगच्या गणपतीला पाच दिवस आरती होती. विलासरावांनी स्वतः मोदक पुढं केला तर हिनं मान हलवली. सगळ्या बायका बघत होत्या. "वळण आहे हो पोरीला," असं एक जण म्हणाली, आणि आक्का, खरं सांगते, जून महिन्यापासून पहिल्यांदा माझी मान वर झाली. घरी येऊन मी तिची दृष्ट काढली.

रात्री हे म्हणाले, "परसाद बी घेतला नाय व्हय तिनं? त्यात कसली हौस मानतीस?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही. मी बायकांचं ऐकून खूश झाले की पोरीकडं बघून, हेच कळेना.

बाकी ठीक. अभ्यासात बरी आहे. पाढे पाठ आहेत.

प्रेमला


तळसरवाडी, १४ सप्टेंबर १९९५ (कार्ड)

सौ. प्रेमलास आशीर्वाद. कार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून थोडक्यात. विचारलं होतं त्याचं उत्तर आलं नाही. देवाचा प्रसाद नाकारणारं पोर मला माहीत नाही, ती माझी मोना नव्हे. दिवाळीची वाट बघत नाही. दसरा झाला की मी तिला न्यायला येते. दादांनीही हो म्हटलंय. कपडे बांधून ठेव. गोजरा.


घणसोली, २० सप्टेंबर १९९५

ती. आक्कांना नमस्कार.

तुमचं कार्ड काल मिळालं. ते यायच्या आधीच इथं जे झालं ते लिहायला बसले होते. तीन आंतरदेशीय फाडली, हे चौथं.

मी घरी नसते, आक्का. रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते, मे महिन्यापासून. पोरीला आणायच्या आधीपासून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला पाठवलीच नसती, म्हणून लपवलं. घराचा हप्ता भरायला ह्यांची एकट्याची हमाली पुरत नाही. सकाळी मोनाली सातला जाते, मी आठला. दुपारचं झाकून ठेवते, गार होतं. किल्ली तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेली असते. तुम्ही बरोबर ओळखलंत, गरम भाताच्या वासानं ती समोर जायची.

गेल्या बुधवारी किल्ली खिळ्यालाच राहिली. बाराला येऊन पोरगी कुलपासमोर बसली. मला त्याच दिवशी ओव्हरटाइमला थांबवलं. नंदिनीताई ठाण्याला बहिणीकडं गेल्या होत्या. दोनच्या सुमाराला केशरबाई मासे घेऊन जिना चढल्या. त्या घणसोली गावातल्या, घरोघरी विकतात. त्यांनी विचारलं तर म्हणाली, आई आत झोपलीय. चारला खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, आत्ताच जेवले. सहाला नंदिनीताई आल्या. त्यांना म्हणाली, आई दुकानात गेलीय, येतेच. त्यांनी आत बोलावलं, ती गेली नाही. पाणी आणून दिलं, तोंडाला लावलं नाही. "माझ्या आईची शपथ हाय," एवढंच म्हणत राहिली. सातला भिंतीवरून घसरली आणि आडवी झाली.

मी पावणेआठला आले तेव्हा दार उघडं होतं. माझं नव्हे, नंदिनीताईंचं. पोरगी त्यांच्या पलंगावर, डॉक्टर बसलेले, पार्थ पायाशी उभा राहून रडत होता. विलासराव म्हणाले, "अहो, माणसं आहोत आम्ही. कळवायचं तरी, की तुम्ही दिवसभर नसता." मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणालात, रोज येते, आधी विचारायला नको का. नंदिनीताई म्हणाल्या, "मी विचारा म्हटलं होतं. येऊ नको कधी म्हटलं?" आणि त्या माझ्याहून मोठ्यानं रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी केशरबाई मुद्दाम आल्या. त्या मलाच रागावल्या. "मी दोनला इचारलं तिला, आयस कुठं हाय. बोलली, झोपलीय. मना काय म्हाईत? आमचे गावान असं पोर दारात बसलेलं कोनी सोडत नाय. पन पोरीनंच फशिवलं तर कोन काय करील?"

बघा ना आक्का. सगळ्यांनी विचारलं. एकानंही तिला टाकली नाही. आणि तरी माझी पोर सात तास अन्नपाण्यावाचून बसली. मी कुणावर ओरडू?

आता बरी आहे. तुम्ही न्यायला या. कपडे बांधलेत. मी तिला वाढवायला लायक नाही, हे तुम्हाला जूनमध्येच कळलं होतं बहुतेक.

अभागी,
प्रेमला


तळसरवाडी, ३ ऑक्टोबर १९९५

प्रेमला, बाळ,

आज दसरा. मी तुझ्याकडं यायची तयारी केली होती. पिशवी भरली, दादांनी गाडीची वेळ विचारून आणली. मग तुझं पत्र चौथ्यांदा वाचलं आणि पिशवी परत सोडली.

डागाचं दोन वेळा विचारलंस. मी दोन्ही वेळा टोलवलं. आता ऐक.

मला माहीत नाही.

गेल्या वर्षी सुगीचे दिवस होते. मी फटफटायच्या आत रानात जात होते, दिवेलागणीला येत होते. येताना विचारायचे, "मोने, जेवलीस?" ती म्हणायची, "हौसाकाकूकडं जेवले." मी निर्धास्त. चौथ्या दिवशी पाय धुताना घोटा दिसला. फोड फुटून गेलेला, वर हळद लावलेली, तीही तिनंच. मी पिशागत धावत हौसाकडं गेले. हौसा म्हणाली, "माझ्याकडं कुठं जेवली? मला म्हणाली, मोठ्याई करून गेलीय." हिरामणची म्हातारी म्हणाली, मला वाटलं हौसाकडं जेवते. चार घरं फिरले, चारही घरांना वाटलं होतं, दुसरीकडं जेवली. चार दिवस त्या पोरीनं काय खाल्लं, कशानं भाजून घेतलं, ते त्या अख्ख्या आळीत कुणाला सांगता आलं नाही. तिला विचारलं तर मला म्हणाली, आठवत नाही.

मी ते प्रकरण दाबलं. आळीला म्हटलं, मला ठाऊक होतं, मीच हळद लावली. जावेचं पोर म्हणून हेळसांड केली असं कुणी म्हणू नये, म्हणून. तुला तर जन्मात सांगणार नव्हते.

आणि मी तुला पाणउतारा करून लिहिलं, की अख्ख्या आळीनं वाढवली. लाज वाटते गं. पण खरं सांगू, खोटंही वाटत नाही मला ते. ती सहा वर्षं हसत वाढली, ते काही माझ्या एकटीच्या जिवावर नव्हे. मग ते चार दिवस कुठले? सगळ्यांचं पोर होतं म्हणून वाढलं, की सगळ्यांचं होतं म्हणूनच उपाशी राहिलं? मला अक्षरं चार येतात, एवढा मोठा गुंता माझ्यानं सुटत नाही. दादांना विचारलं, ते उठून गोठ्यात गेले.

मी न्यायला येत नाही. म्हणजे येऊ नये असंही नाही. तू म्हणशील तसं. पण लायक-नालायक असलं पुन्हा लिहू नकोस, नाही तर मला आधी लिहावं लागेल.

तिची शपथ आधी सोडव. तिला समोर बसवून, तिच्या हातावर पाणी सोडून सांग, सुटली म्हणून. आपल्यात तसं सोडवल्याशिवाय सुटत नाही.

तुझी,
गोजरा


घणसोली, ११ ऑक्टोबर १९९५

ती. आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. तिथंच बसले. नंदिनीताई बाहेर आल्या, शेजारी बसल्या. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, रागावू नका. त्या म्हणाल्या, "माझा पार्थ तरी दिवसभर काय करतो, मला कुठे माहीत आहे?"

शपथ सोडवली. मोनालीच्या तळहातावर पाणी सोडलं, सुटली म्हणाले. तिनं ओला हात फ्रॉकला पुसला. मग म्हणाली, "तू कायतरी खाल्लंस का?"

आता आम्ही असं ठरवलंय की दुपारी ती नंदिनीताईंकडं जेवेल, मी रात्रीच डबा करून त्यांच्याकडं ठेवीन. ज्या दिवशी त्या नसतील त्या दिवशी केशरबाईंकडं. मला आधी सगळ्यांनी सांगायचं, मी सगळ्यांना सांगायचं. ऐकायला चांगलं वाटतं. पण परवा ओव्हरटाइमहून येताना मी नंदिनीताई, केशरबाई आणि खालच्या काकू, तिघींना वेगवेगळं विचारलं, आज जेवली का. तिघींनी हो म्हटलं. आता कुणी हो म्हटलं की भीतीच वाटते.

दिवाळी बारा दिवसांवर आली. तिला तुमच्याकडं पाठवू की इथं ठेवू, मला खरंच ठरवता येत नाही. तुम्ही या, एवढंच कळतं. न्यायला म्हणून नको, नुसत्या या. आपण तिघी एका ताटात जेवू, तेवढा एक घास तरी कुणी खाल्ला ते नक्की कळेल.

खालची घडी कोरी ठेवलीय. मोनाली म्हणते, तिला तुम्हाला लिहायचंय आणि मी वाचायचं नाही. चिकटवून पेटीत टाकायचंही तीच बघणार आहे. मी वाचत नाही.

प्रेमला

·

मोठ्याईस मोनालीचा नमस्कार.

मी बरी आहे. तू बरी आहेस का. म्हैस व्याली का.

आईनं तुझं पत्र नंदिनीकाकूंना वाचून दाखवलं तेव्हा मी दाराआड होते. तुला डागाचं माहीत नाही म्हणून सांगते. हौसाकाकू आडावर बाकीच्यांना म्हणाली होती, गोजराला पोर झेपत नाही तर घेतलं कशाला, रोज आमच्या चुलीवर. म्हणून मी तिला सांगितलं, मोठ्याई करून जाते. मग मी घरी भाताला आधण ठेवलं ते पायावर कलंडलं. भात झाला नाही, मग गूळ शेंगदाणे खाल्ले चार दिवस. तुला सांगितलं असतं तर तू हौसाकाकूशी भांडली असतीस.

इथं खालच्या काकू म्हणाल्या, आई कामाला जाते म्हणून पोरगी दारोदार फिरते. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, आई घरात आहे.

आईला हे सांगू नको. तिला वाईट वाटेल. तुला पण वाटून घेऊ नको.

दिवाळीला मला कुठं ठेवायचं ते तुम्ही दोघी लवकर ठरवा. मला दोन्हीकडं चालतं. पण एका ठिकाणी ठेवा. म्हणजे मला एकीलाच सांभाळावं लागेल.

तुझी,
मोनाली बाबासो, इयत्ता चौथी